भिडूंचा डाव

सोशल गेम म्हणजे असा डिजिटल खेळ, ज्यात खेळणाऱ्याच्या ओळखीची माणसे हाच खेळाचा मुख्य ऐवज असतो. इंटरनेटवर अनेकांनी मिळून खेळला, एवढ्याने कोणताही खेळ या वर्गात बसत नाही. शंभर अनोळखी माणसे पडद्यावरच्या रणांगणात एकमेकांवर गोळ्या झाडतात तेव्हा समोरचा कोण आहे याने काही बिघडत नाही. त्याचा नेम चांगला असला की पुरे. सोशल गेममध्ये मात्र समोर मेहुणा आहे, शाळेतली जुनी मैत्रीण आहे की ऑफिसातले साहेब, यावर डावाची सगळी रंगत ठरते. म्हणूनच या खेळांची चित्रे बेताची असली तरी चालतात आणि नियम पाच मिनिटांत कळतात. एकट्याने खेळून पाहणाऱ्याला त्यांत काय आहे ते समजत नाही, हेही त्यामुळेच. गेल्या दोन दशकांत या खेळांनी अफाट भरभराट पाहिली आणि तितकीच वेगवान घसरणही. दोन्हींची कारणे बरीचशी एकाच जागी सापडतात: खेळ भिडूला माणूस मानतो की साधन, या प्रश्नात.

या खेळांचा आजचा साचा मे २००७पासून घडू लागला. त्या महिन्यात फेसबुकने बाहेरच्या प्रोग्रॅमरांना आपल्या व्यासपीठावर अ‍ॅप चालवण्याची मुभा दिली. तोवर संगणकावर कुणाबरोबर खेळायचे तर आधी भिडू गोळा करावे लागत. दोघांनी नावे नोंदवायची, वेळ ठरवायची, ठरल्या वेळी दोघांनी हजर राहायचे. फेसबुकवर भिडू आधीच जमलेले होते, तेही खऱ्या नावानिशी आणि फोटोनिशी. कोलकात्याच्या रजत आणि जयंत अगरवाला या भावांनी स्क्रॅबलच्या धर्तीवर केलेला ‘स्क्रॅब्युलस’ त्याच वर्षी तिथे आला आणि २००८च्या सुरुवातीला तो रोज पाच लाखांहून अधिक लोक खेळत होते. स्क्रॅबलचे हक्क अमेरिका-कॅनडात हॅस्ब्रोकडे आणि बाकीच्या जगात मॅटेलकडे होते. दोन्ही कंपन्या कोर्टात गेल्या. जुलै २००८मध्ये अमेरिका-कॅनडात खेळ बंद झाला. सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘स्क्रॅब्युलस’ हे नाव वापरायला मनाई केली, पण खेळाच्या पटावर कॉपीराइटचा दावा मानला नाही. पुढे तोच खेळ ‘लेक्स्युलस’ या नावाने चालू राहिला.

स्क्रॅब्युलसच्या यशात कोर्टकचेरीपेक्षा महत्त्वाची गोष्ट होती डावाची संथ चाल. दोन्ही खेळाडूंनी एका वेळी हजर असण्याची गरज नव्हती. एकाने सकाळी शब्द मांडायचा, दुसऱ्याने संध्याकाळी किंवा दोन दिवसांनी उत्तर द्यायचे. पुण्यातला भाऊ आणि न्यू जर्सीतली बहीण यांच्या घड्याळांत साडेनऊ-साडेदहा तासांचे अंतर असले तरी डाव अडत नाही. एका वेळी पाच जणांशी पाच डाव मांडता येतात. आणि डाव सुरू असेपर्यंत दोन माणसांमध्ये काहीतरी चालू आहे ही भावना टिकते. एरवी महिनोन्‌महिने न बोलणारे दोघे एका पटाच्या निमित्ताने रोज एकमेकांची दखल घेतात. २००९मध्ये आलेल्या ‘वर्ड्स विथ फ्रेंड्स’ने हीच रचना मोबाइलवर नेली आणि डावासोबत गप्पांची सोय दिली. शब्दांइतक्याच गप्पाही होत. पाळी समोरच्याची आहे आणि त्याचे उत्तर कधीही येईल, हे वाट पाहणे या खेळांचे पहिले बळ ठरले.

दुसरे बळ देण्याघेण्यातून आले. त्याचा सर्वांत मोठा प्रयोग म्हणजे ‘फार्मव्हिल’. मार्क पिंकस यांनी २००७मध्ये सान फ्रान्सिस्कोत स्थापलेल्या झिंगा या कंपनीने हा शेतीचा खेळ सुमारे पाच आठवड्यांत उभा केला आणि जून २००९मध्ये फेसबुकवर आणला. चौथ्याच दिवशी तो खेळणाऱ्यांची संख्या दहा लाखांवर गेली. मार्च २०१०च्या सुमारास महिन्याला आठ कोटींहून अधिक लोक त्यात शेती करत होते. खऱ्या शेताचा बांध कधी न पाहिलेले लोकही त्यांत भरपूर होते.

खेळ दिसायला अगदी सोपा. चौकोनी तुकडे नांगरायचे, बी पेरायचे, पीक आले की काढायचे, मिळालेल्या नाण्यांतून आणखी बी घ्यायचे. हरण्याची सोय नाही. पण प्रत्येक पिकाला आपापला वेळ ठरलेला होता. स्ट्रॉबेरी चार तासांत तयार होई, भोपळा आठ तासांत, काही पिकांना तीन-चार दिवस लागत. वेळेत काढले नाही तर पीक वाळून जाई. त्यामुळे काय पेरायचे हे ठरवताना खेळाडू आपल्या दिवसाचे वेळापत्रक ठरवत असे: दुपारच्या सुटीत कॉम्प्युटर मिळणार असेल तर स्ट्रॉबेरी, उद्या सकाळपर्यंत सवड नसेल तर दुसरे काही. यात एक खुबी आहे. परत कधी यायचे ते खेळाने लादले नाही, ते वचन खेळाडूने स्वतःच दिले. स्वतः दिलेले वचन मोडणे लादलेल्या वेळेपेक्षा जास्त सलते.

शेजाऱ्यांशिवाय हे शेत फारसे वाढत नसे. जमीन वाढवायला ठरावीक संख्येने शेजारी लागत, नाहीतर खरे पैसे मोजावे लागत. गोठा किंवा तबेला बांधायचा तर त्याचे सुटे भाग मित्रांकडून मागवावे लागत. झाड किंवा जनावर मित्राला भेट म्हणून पाठवता येई. पाठवणाऱ्याचे त्यात काहीच खर्च होत नसे. भेट स्वीकारली की लगेच परतभेट पाठवण्याचे बटण समोर येई. मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५मध्ये भेटवस्तूंवरच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवले होते की देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही सामाजिक बंधने आहेत आणि फुकटची भेट अशी काही नसते. मराठी घरांना हे निबंध न वाचताही माहीत आहे: शेजारणीने भाजी घालून पाठवलेले भांडे रिकामे परत जात नाही. फार्मव्हिलने हे बंधन बटणात बसवले.

अडचण तिथेच सुरू झाली. शेजारीण भांड्यात काय घालते यात तिची निवड असते, आठवण असते, थोडी मिजासही असते. बटणातल्या भेटीत यातले काहीच नव्हते. पाठवणाऱ्याला काही लागले नाही हे घेणाऱ्याला ठाऊक होते. शेजाऱ्याच्या शेतावर जाऊन खत टाकायचे, तर तेही दोन-चार क्लिकांचे काम. त्याने काय लावले आहे हे पाहिले नाही तरी चालत असे.

याच्या उलट रचना चीनमध्ये आधीच लोकप्रिय झाली होती. शांघायच्या ‘फाइव्ह मिनिट्स’ या कंपनीचा ‘हॅपी फार्म’ हा खेळ २००८मध्ये आला. त्यातही पेरणी-कापणीच होती, पण मित्राचे पिकलेले पीक चोरता येत असे. पीक कधी पिकणार हे मित्रांना दिसे, म्हणून लोक मध्यरात्री गजर लावून उठत. कुणी आपले वाचवायला, कुणी दुसऱ्याचे पळवायला. ‘भाजी चोरणे’ हा तिथे काही काळ बोलण्यातला वाक्प्रचारच झाला होता. सकाळी ऑफिसात कुणी कुणाचे मुळे पळवले यावर चेष्टामस्करी चाले. मदतीपेक्षा चोरी लोकांना जवळ आणते, हे ऐकायला विचित्र वाटेल; पण चोरी करायला त्या माणसाची दिनचर्या माहीत असावी लागते, त्याचे शेत खरोखर पाहावे लागते, आणि पकडले गेल्यावर त्याला तोंड द्यावे लागते. खोडी काढता येण्याइतकी जवळीक ही मैत्रीची बरीच विश्वासार्ह खूण आहे. खेळ म्हणून पाहिले तर या एका बाबतीत हॅपी फार्मची रचना फार्मव्हिलहून सरस होती.

झिंगाची ताकद दुसरीकडे होती. खेळाडूच्या प्रत्येक क्लिकची नोंद घ्यायची, एकाच गोष्टीची दोन रूपे वेगवेगळ्या गटांना दाखवायची, आणि ज्या रूपाने लोक जास्त परततात ते ठेवायचे, अशी या कंपनीची कार्यपद्धती होती. मोजता येते ते वाढत गेले: निमंत्रणे, भेटी, मित्राच्या भिंतीवर टाकलेल्या भटक्या जनावरांच्या हाका. न मोजता येणारी गोष्ट म्हणजे खेळ न खेळणाऱ्या मित्राची चिडचिड. फेसबुक उघडले की कुणाच्या तरी गायीची बातमी दिसायची. मार्च २०१०मध्ये फेसबुकने अ‍ॅपना नोटिफिकेशन पाठवण्याची जुनी वाट बंद केली. नवे खेळाडू फुकट आणून देणारा हा झरा आटल्यावर या खेळांना स्वतःच्या बळावर उभे राहणे अवघड गेले.

या सगळ्याची सर्वांत तिखट टीका एका खेळानेच केली. जॉर्जिया टेकमधले खेळ-अभ्यासक आणि रचनाकार इयन बोगोस्ट यांनी जुलै २०१०मध्ये ‘काऊ क्लिकर’ नावाचे विडंबन फेसबुकवर टाकले. पडद्यावर एक गाय. दर सहा तासांनी तिच्यावर एकदा क्लिक करायचे. मित्रांना आपल्या कुरणात बोलावता येई, पैसे देऊन वेगळी गाय घेता येई. बस्स. बोगोस्ट यांना सोशल गेम किती पोकळ असतात ते दाखवायचे होते, पण पन्नास हजारांहून अधिक लोक ते विडंबन मन लावून खेळू लागले. सप्टेंबर २०११मध्ये त्यांनी सगळ्या गायी नाहीशा केल्या, तरीही काही जण रिकाम्या गवतावर क्लिक करत राहिले. यातून लोक मूर्ख असतात असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण घाईचे आहे. काऊ क्लिकरच्या खेळाडूंमध्ये गप्पा होत, थट्टा होई, एकमेकांच्या गायींवर शेरेबाजी चाले. खेळ पोकळ असला तरी त्याभोवती जमलेली माणसे पोकळ नव्हती. रचनाकाराने जागा रिकामी ठेवली तर लोक ती आपसांत भरून काढतात.

खेळाडू कशासाठी येतात याचा विचार याच्या बराच आधी झालेला होता. इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी १९७८पासून ‘मड’ हा निव्वळ मजकुरावर चालणारा सामायिक खेळ विकसित केला होता. त्यातल्या खेळाडूंच्या अनुभवावरून बार्टल यांनी १९९६मध्ये चार प्रकार सांगितले: कमाई आणि पातळ्या गाठणारे, जग धुंडाळणारे, माणसांत रमणारे आणि दुसऱ्याला हरवण्यातच मौज मानणारे. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड रायन, स्कॉट रिग्बी आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी २००६मध्ये वेगळ्या बाजूने तपास केला. आपण निवड करतो आहोत, आपल्याला हे जमते आहे आणि आपण कुणाशी तरी जोडलेले आहोत, या तीन गरजा भागतात तेव्हा खेळ आनंद देतो, असे त्यांचे म्हणणे. फार्मव्हिल या कसोटीवर उतरवून पाहिला तर सुरुवातीला तिन्ही भागतात: पीक आपण निवडतो, शेत वाढताना दिसते, शेजारी येतात. काही महिन्यांनी निवडीचे कर्तव्य होते, जमण्यासारखे नवे काही उरत नाही आणि शेजारी म्हणजे गोठ्याच्या खिळ्यांचा पुरवठादार होतो.

‘ड्रॉ समथिंग’ने हेच चक्र फार कमी वेळात पूर्ण केले. फेब्रुवारी २०१२मध्ये आलेल्या या खेळात एकाने दिलेल्या शब्दाचे चित्र काढायचे आणि दुसऱ्याने ते ओळखायचे. चित्र काढताना झालेली खाडाखोडही समोरच्याला जशीच्या तशी दिसे, आणि खरी मजा त्यातच होती. पन्नास दिवसांत पाच कोटी डाउनलोड झाले. मार्चमध्ये झिंगाने तो बनवणारी ओएमजीपॉप ही कंपनी सुमारे १८ कोटी डॉलरला विकत घेतली. त्यानंतर महिनाभरातच रोज खेळणारे झपाट्याने घटू लागले आणि २०१३मध्ये ओएमजीपॉपचे कामकाज गुंडाळले गेले. तेच ते शब्द परत येत, दोघेही एकाच बाजूला असल्याने जिंकण्या-हरण्याचा ताण नव्हता, आणि मित्राची चित्रकला किती वाईट आहे हे एकदा कळले की नवीन काही कळायचे उरत नसे. झिंगाचा शेअर डिसेंबर २०११मध्ये १० डॉलरला बाजारात आला होता. २०१२ संपायच्या आत तो तीन डॉलरच्या खाली गेला.

खेळाचे नियम माणसांचे वागणे किती बदलतात याचे बोलके उदाहरण ‘जर्नी’ या २०१२च्या खेळाच्या जडणघडणीत आहे. दोन अनोळखी प्रवाशांनी वाळवंटातून एकत्र जावे, अशी ही रचना. सुरुवातीच्या चाचण्यांत प्रवासी एकमेकांना ढकलू शकत होते, आणि मदत करण्याऐवजी लोक एकमेकांना खड्ड्यात ढकलत राहिले. रचनाकार जेनोव्हा चेन यांच्या चमूने ढकलण्याची सोय काढून टाकली, एकमेकांना स्पर्श झाल्याने फायदा होईल असे केले, बोलणे बंद करून फक्त एक सूर काढण्याची सोय ठेवली. त्याच स्वभावाची माणसे मग एकमेकांसाठी थांबू लागली. जर्नीत भिडूचे नाव शेवटपर्यंत कळत नाही, म्हणून तो रूढ अर्थाने सोशल गेम नव्हे. पण जवळीक नियमांतून घडवता येते हे त्याने दाखवले.

‘अमंग अस’ने उलट टोक गाठले. तिथे नियम थोडे आणि बोलणे सगळे. अंतराळयानातले बहुतेक जण प्रामाणिक कामगार, एक-दोन जण छुपे मारेकरी. प्रेत सापडले की सगळ्यांनी जमून वाद घालायचा आणि मताने एकाला बाहेर काढायचे. याचे मूळ ‘माफिया’ या बैठ्या खेळात आहे, जो मॉस्कोत दिमित्री दाविदॉव्ह यांनी १९८६मध्ये तयार केला. इनरस्लॉथ या छोट्याशा कंपनीचा अमंग अस जून २०१८मध्ये आला तेव्हा त्याकडे कुणी फारसे पाहिलेही नाही. २०२०च्या टाळेबंदीत थेट प्रक्षेपण करणाऱ्या खेळाडूंनी तो उचलला आणि जग त्यावर तुटून पडले. कंपनीने ठरवलेला दुसरा भाग रद्द करून पहिल्याच्याच डागडुजीला हात घातला. यात कसब बोटांचे लागत नाही. आपला मित्र खोटे बोलताना आवाज कसा चढवतो हे माहीत असणे, हेच इथले कसब. त्यामुळे तोच डाव नव्या मंडळींत पुन्हा नवा होतो, आणि ड्रॉ समथिंगची जी गोची झाली ती इथे लवकर होत नाही.

टाळेबंदीत भारतातली घरे मात्र दुसऱ्या पटाभोवती बसली होती. ‘लुडो किंग’ हा खेळ विकास जायस्वाल यांच्या नवी मुंबईतल्या गेमेशन कंपनीने २०१६मध्ये आणला. २०२०मध्ये रोज खेळणाऱ्यांचा आकडा पाच कोटींच्या घरात गेल्याचे कंपनीकडून सांगण्यात आले. लुडो हे सारीपाट आणि पचीसी या घराण्याचे सोपे केलेले विलायती रूप. त्याचे इंग्लंडमधले पेटंट १८९६चे. कवड्यांऐवजी फासा आला, सोंगट्या आणि मधले घर तेच राहिले. फुलीच्या आकाराचा हा पट महाराष्ट्राला इतका जवळचा, की जेजुरीच्या लोकपरंपरेत खंडोबाही म्हाळसेशी सारीपाटात हरतो आणि बारा वर्षे घराबाहेर पडतो. तो मुद्दाम हरला असे कथा सुचवते. मुद्दाम हरणे ही घरगुती खेळातली एक मोठी चाल आहे आणि कोणत्याही गुणतालिकेत ती दिसत नाही.

लुडो किंगने मूळ खेळात फारसे काही घातले नाही, हे त्याचे शहाणपण. नियम कुणाला शिकवावे लागत नाहीत. एकाने खोली उघडायची, तिचा कोड व्हॉट्सअ‍ॅपवर घरच्या गटात टाकायचा, की नाशिकची आजी, दुबईतला मामा आणि ठाण्याची भाची एका पटावर. नेट नसेल तर एकच फोन हातोहात फिरवूनही खेळता येते. आणि फासा असल्याने वय, शिक्षण, सराव यांतला फरक बराचसा पुसला जातो. बुद्धिबळात आजोबांना नातवाशी बरोबरीने खेळायचे तर दोघांपैकी एकाला आव आणावा लागतो. लुडोत सहा पडले की पडले. घरातल्या लिंबूटिंबूलाही इथे खरे राज्य मिळते.

नुसत्या नशिबावर मात्र कुणी दुसऱ्यांदा बसत नाही. लुडोत निवडही आहे: कोणती सोंगटी पुढे काढायची आणि मुख्य म्हणजे कुणाची मारायची. दोघांच्या सोंगट्या टप्प्यात असताना वहिनीची सोडून भावाची मारली, तर तो निर्णय फाशाचा नसतो. तो रात्री जेवताना निघतो, आठवडाभर लक्षात राहतो, पुढच्या डावात फिटतो. हॅपी फार्ममधल्या भाजीचोरीसारखेच हे; खेळ संपल्यावरही हिशेब उघडा राहतो. फासा अ‍ॅपच फिरवते अशी कुरकुर नेहमी ऐकू येते, आणि हरलेल्याला तीही सोयीची असते.

खेळाडूचे यश आणि कंपनीचे यश एक नव्हे, हे पैशाच्या बाजूने पाहिले की स्पष्ट होते. फुकट मिळणाऱ्या बहुतेक सोशल गेममध्ये पैसे मोजणारे शंभरांत मोजकेच असतात आणि त्यांतल्याही थोड्यांकडून बहुतेक कमाई येते. बाकीचे खेळाडू त्या थोड्यांसाठी गर्दी पुरवतात. कमाई वाढवायची तर वाट पाहणे लांबवून ते विकत टाळू द्यायचे, असा सोपा उपाय रचनाकारांना नेहमी खुणावतो. पण पाळीची वाट पाहणे आणि घड्याळाची वाट पाहणे यांत फरक आहे: पहिल्यात पलीकडे माणूस असतो. पैसे देऊन पहिली टाळता येत नाही, म्हणून ती विकताही येत नाही. फार्मव्हिल ३१ डिसेंबर २०२०ला बंद झाला. त्याचे शेवटचे कारण तांत्रिक होते, कारण तो ‘फ्लॅश’ नावाच्या ज्या सॉफ्टवेअरवर चालत असे तेच संपले. खेळाडू त्याच्या कितीतरी आधी पांगले होते.

भारतात हा पैशाचा प्रश्न पणाच्या रूपाने आला. लुडोवर पैसे लावून खेळवणारी अ‍ॅप निघाली, आणि लुडो कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा वाद २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. त्याने कौशल्य आणि नशीब हा जुना भेद बाजूला ठेवून पैसे लावून खेळायच्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, आणि ‘ऑनलाइन सोशल गेम’ हा स्वतंत्र वर्ग व्याख्येत आणला: काही पणाला लावणे नाही, पैसे जिंकण्याची अपेक्षा नाही, हेतू करमणुकीचा किंवा कौशल्यवाढीचा; वर्गणी किंवा प्रवेशशुल्क घेता येईल, मात्र ते पणाच्या स्वरूपाचे नसावे. पिकाला चार तास लावायचे की चाळीस आणि परतभेटीचे बटण किती मोठे असावे, हे या व्याख्येच्या बाहेर राहिले. पैशाच्या डावांवर चालणाऱ्या कंपन्यांनी ते डाव बंद केले; त्यांतल्या काहींनी तोच लुडो फुकट खेळायला ठेवला.